पापण्यांचा बॉयलर आणि महालक्ष्म्यांचे डोळे

माझ्या बायकोच्या पापण्या शेकायचं काम अधिकृतपणे माझ्याकडे आहे. इतर नवरे निवृत्तीनंतर भाजी आणतात, टेकडीवर फिरायला जातात, भजनात झांजा वाजवतात. मी पापण्या शेकतो.

त्याचं असं आहे, विजयाला संधिवात आहे. 'वय झालं, गुडघे बोलायला लागले' तो नव्हे. हा तो, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांशी वैर धरतं. सकाळी तिची बोटं अशी आखडलेली असतात की चहाचा कप दोन तळव्यांत धरावा लागतो. त्यात यंदा पापण्या सुजल्या. कडा लाल, सकाळी उठावं तर चिकटलेल्या, आणि उघडल्या की डोळ्यांत रेती खुपल्यासारखी आग! देवासहून इंदूरला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आजारात डोळे कोरडे पडतात, पापण्याही कुरकुरतात. सकाळ-संध्याकाळ स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून, पिळून शेक द्यायचा. कडा हलक्या हाताने पुसायच्या, थेंब घालायचे, आधीच्या गोळ्या चालू ठेवायच्या. आणि काजळबिजळ डोळ्यांत काहीही नाही!"

आता फडकं पिळायचं तर बोटं मिटायला हवीत. ती कुठे मिटतायत? म्हणून ते खातं माझ्याकडे आलं.

आणि योग्य माणसाकडे आलं! मी देवासच्या कारखान्यात सगळी नोकरी बॉयलरवर काढली. उष्णता म्हणजे माझा विषय. मी थर्मामीटर आणला. स्टीलच्या डब्याला बाहेरून थर्माकोल लावला. फडक्याच्या किती घड्या केल्या की ऊब टिकते, याचे प्रयोग केले. शिवाय बॉयलरचा नियम: आधी ट्रायल, मग लोड. म्हणजे प्रत्येक फडकं आधी माझ्या डोळ्यांवर, मग तिच्या. (या हिशेबाने माझ्या पापण्या सध्या देवास जिल्ह्यात सर्वांत निरोगी असाव्यात.)

"अहो, मी बायको आहे, बॉयलर नाही," विजया म्हणायची.

"म्हणूनच शिट्टी वाजत नाही, नुसती वाफ येते," मी म्हणायचो आणि फडकं बदलायचो.

तिच्या चमच्यांना, टूथब्रशला मी रबरी नळीचे तुकडेही चढवून दिले होते. बारीक वस्तू तिला धरवत नाही, जाड धरवते. ते चमचे पाहून पाहुणे विचारतात, "हे काय, गॅसची नळी?" मी मान खाली घालतो. गॅसचीच आहे.

तर मुद्दा महालक्ष्म्यांचा. विजयाचं माहेर धारचं. तिचे पणजोबा संस्थानात कारभारी होते. आता संस्थान गेलं, कारभार गेला, पण भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचा रुबाब तसाच आहे. त्यांचे मुखवटे पितळी. दरवर्षी चिंचेनं घासले की आदल्या वर्षीचे डोळे पुसले जातात, आणि नवे डोळे काजळानं आखायचे ते घरच्या माहेरवाशिणीनंच, हा त्यांचा कुळाचार. डोळे आखल्याशिवाय महालक्ष्म्या घरात येत नाहीत. म्हणजे आंधळ्या कशा येतील? विजया परकरात होती तेव्हापासून हे काम तिचं. लग्नानंतर एकही वर्ष चुकलं नाही.

यंदा शोभावहिनींचा, म्हणजे तिच्या भावजयीचा फोन आला. स्वभावानं साखर बाई. म्हणाल्या, "विजूताई, तुमचे डोळे असे, हात तसे, तकलीफ कशाला करून घेता? बाजारात चिकटवायचे डोळे मिळतात हो, एकदम रेडीमेड. मी घेऊन ठेवलेत. आणि यंदा मुहूर्तही सकाळी लवकरच निघालाय."

सकाळी लवकर! म्हणजे नेमकी ती वेळ जेव्हा विजयाच्या बोटांना साधी किल्ली फिरवता येत नाही.

विजया फोनवर "बरं" म्हणाली आणि तो ठेवला. मग म्हणाली, "एकदा ते चिकटवायचे डोळे लागले ना, की पुढच्या वर्षी मला कोणी विचारणारसुद्धा नाही. मी नुसती जेवायला जाणारी पाहुणी."

मला ते फार लागलं. मी छाती काढून म्हणालो, "तू काळजीच करू नकोस. मुहूर्ताच्या आत पापण्या उघडून द्यायची जबाबदारी माझी!"

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला विश्वास म्हणता येणार नाही.

आदल्या संध्याकाळी आम्ही धारला पोहोचलो. तिथे काकीसाहेब, म्हणजे विजयाच्या काकू, ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज असा की गल्लीतली कुत्री सरळ बसतात. पापण्या पाहून म्हणाल्या, "डोळ्यांत घरचं काजळ घाल, तुपातलं. सकाळपर्यंत कमळ फुलेल!"

"डॉक्टरांनी मनाई केली आहे, काकीसाहेब," मी म्हणालो.

"आपण बॉयलरचे की डोळ्यांचे, जावईबापू?"

विजयानं हसून सांगितलं, "काजळ महालक्ष्म्यांना घालते, काकीसाहेब. माझ्या डोळ्यांना यंदा माफी."

सकाळी उठलो तर विजयाच्या पापण्या घट्ट चिकटलेल्या आणि बोटं आकड्यासारखी वळलेली. मी बॅग उघडली. थर्मामीटर होता. थर्माकोलचा डबा होता. फडकी देवासलाच राहिली होती!

"थांब, आलोच," म्हणून मी स्वयंपाकघराकडे धावलो.

इथे एक सांगायला हवं. त्या घरात महालक्ष्म्यांचे तीन दिवस स्वयंपाकघर सोवळ्यात असतं. न आंघोळ केलेल्या जावयाने तिथे जाणं म्हणजे चालू बॉयलरचं झाकण उघडणं. पण जबाबदारी ती जबाबदारी! आत कोणी नव्हतं. पुरणाच्या डाळीची वाफ कोंडलेली, माझा चष्मा क्षणात धुरकट झाला. पण उष्णता मला चष्म्याशिवायही कळते. ओट्यावर पातेल्यात पाणी होतं, हात लावून पाहिला, वाहवा, नेमकं कोमट! आणि त्यात एक मऊ सुती फडकं आधीच भिजत घातलेलं! मला गहिवरून आलं. वाटलं, शोभावहिनींनी विजयासाठी सगळी तयारी करून ठेवली, किती जीव लावतात!

नियमाप्रमाणे आधी ट्रायल. चष्मा काढून ठेवला, फडकं पिळलं, चेहऱ्यावर पसरलं, वरून तळवे दाबले आणि छान लांब श्वास घेतला. वास ओळखीचा वाटला. लग्नातला वाटला. पुढच्याच क्षणी डोळ्यांना असं काही झोंबलं की मी आईच्या नावानं ओरडलो.

"कोण आहे रे तिकडे?" काकीसाहेब ओल्या साडीत दारात उभ्या! मी फडकं काढून वळलो. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि भिंतीला धरलं.

"शोभा! अगं, जावईबापूंना कावीळ!"

वहिनी धावत आल्या, माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "काकीसाहेब, कावीळ नाही, हळद आहे! महालक्ष्म्यांचे दोरे रंगवायला हळदीचं पाणी केलं होतं, तळाशी दोरे होते आणि ते तरंगू नयेत म्हणून वर फडकं घातलेलं. भाऊजी, ते तुम्ही तोंडाला लावलंत?"

"ट्रायल घेत होतो," मी डोळे चोळत म्हणालो.

"ओवळ्या हातानं? सोवळ्यातल्या पातेल्यात?" काकीसाहेबांना आता कावीळ बरी वाटायला लागली होती. "दोरे बाटले! पाणी बाटलं! शोभा, सगळं नव्यानं कर!"

मी गुपचूप मोरीवर गेलो, डोळे साध्या पाण्यानं खळखळून धुतले. आग थांबली, पण पिवळा रंग जाईना. समोर कपडे धुवायच्या साबणाची वडी दिसली. कपाळ, गाल, हनुवटी चांगली घासली. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, हे मराठी घरातल्या पोरीटोरींनाही माहीत असतं. बॉयलरवर ते शिकवत नाहीत. मी मोरीतून बाहेर आलो तो लालभडक!

दारात शेजारचे पटेलजी फुलं घेऊन आलेले. माझं तोंड बघून दोन पावलं मागे सरले. "अरे भिया, तमारे यो कई हुई गयो?"

"हल्दी है," मी म्हणालो.

"हल्दी तो पीली होय, भिया! यो तो पीलियो बिगड़ी गयो! म्हारी मानो, सरदारपुर रोड पे एक बाबा हे, झाड़ देगा!" आणि बिघडलेली कावीळ मंत्रानं उतरवणाऱ्या त्या बाबाकडे न्यायला त्यांनी लगेच मोटारसायकलची किल्लीच काढली.

"काकीसाहेब, काही नाही हो, साबणानं लाल झालंय," वहिनी ओरडत होत्या. काकीसाहेब देवापुढे हात जोडून "आई, जावयाला सांभाळ" म्हणत होत्या. मी "थांबा, मी ठीक आहे" म्हणत होतो आणि पटेलजी मला दंडाला धरून दाराकडे ओढत होते. मुहूर्त तासाच्या आत आला होता. या सगळ्या गोंधळात माझ्या मनात एकच विचार होता: विजया आत आहे, तिच्या पापण्या चिकटल्यात, मी शब्द दिला होता आणि मी लाल होऊन उभा आहे!

पटेलजींचा हात झटकून मी आतल्या खोलीकडे धावलो. खाट रिकामी होती.

विजया मागच्या व्हरांड्यात होती. कशी गेली कोण जाणे, भिंत धरत गेली असणार. पुढ्यात तिथल्याच नळाखाली छोटी बादली, गीझरच्या गरम पाण्यानं भरलेली. दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात, आणि त्यातच तिचा धुतलेला रुमाल. हातांना शेक देऊन झाला की ती तो रुमाल तळव्यांमध्ये दाबून निथळायची, पापण्यांवर ठेवायची आणि वरून तेच गरम तळवे ठेवायची. पुन्हा हात पाण्यात, पुन्हा पापण्यांवर. एकाच बादलीत हातही शेकले जात होते आणि डोळेही! थर्मामीटर नाही, थर्माकोल नाही, पिळणं नाही, नवरा नाही. मी बॉयलरवाला माणूस, उष्णतेचा एवढा चोख वापर मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी तिथेच उभा राहिलो. पुढे जायचं धाडस झालं नाही.

तिनं पापण्यांच्या कडा हळूच पुसल्या. चाचपडत डोळ्यांत थेंब घातले. डोळे अर्धे उघडले. मग तिनं पिशवीतून आपला चमचा काढला, त्याची रबरी नळी दातांनी ओढून काढली आणि काजळाची काडी त्या नळीत खुपसली. माझी नळी! गॅसची!

मग ती देवघरात जाऊन मुखवट्यांसमोर बसली. जाड नळी मुठीत धरली, एका हातानं नव्हे, दोन हातांनी. कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि श्वास रोखला. घरात काकीसाहेबांचा आरडाओरडा चालला होता, पटेलजी बाबांचा नंबर सांगत होते, पण तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. बोटं हलतच नव्हती, सगळा हात खांद्यापासून फिरत होता. एक रेघ, मग दुसरी. मध्येच कळ आली की ओठ दाबायची, थांबायची, पुन्हा काडी टेकवायची. आधी ज्येष्ठेचे डोळे झाले, मग कनिष्ठेचे. एकेक करून सगळे दारात येऊन गप्प झाले. काकीसाहेबसुद्धा! त्या घरात काकीसाहेब गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि डोळे तरी कसे उतरले! दरवर्षी ते टपोरे, सरळ समोर पाहणारे असायचे. यंदा पापण्या जरा जड, नजर अर्धी खाली, रात्रभर जागून लांबून माहेरी आलेल्या बाईसारखी. दमलेली, पण आलेली. माझे डोळे भरून आले. (आणि या वेळी हळदीमुळे नव्हे.)

काकीसाहेब पुढे झाल्या, मुखवट्यांकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं या नुसत्या समोर बघत होत्या. यंदा आमच्याकडे बघतायत." आणि त्यांनी विजयाचे ते वाकडे हात उचलून आपल्या कपाळाला लावले.

शोभावहिनींनी चिकटवायच्या डोळ्यांचं पाकीट केराच्या डब्यात टाकलं. "विजूताई, आता दरवर्षी तुम्हीच. मुहूर्त लवकर असेल तर आदल्या संध्याकाळीच आखून ठेवू, फक्त तुम्ही यायचं," म्हणाल्या. विजयाने माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा नीट न्याहाळला आणि इतकी हसली, इतकी हसली, की पापण्यांतून पाणी आलं. कोरड्या डोळ्यांना ते बरंच म्हणायचं.

महालक्ष्म्या धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या ठशांच्या, म्हणजे बाग प्रिंटच्या साड्या नेसून थाटात उभ्या राहिल्या. काकीसाहेबांनी मला क्षमा केली, आंघोळीला पिटाळलं आणि दोघींच्या मधे पाटावर बसवून फोटो काढायला लावला. म्हणाल्या, "जावईबापूंनी पण आज हळदीकुंकू वाहिलंय, थोडं जास्तच." आंघोळीनं लाली उतरली होती, पण पिवळा रंग पितळेसारखा चकाकत होता, गालांवर लालसर छटा उरली होती, आणि झोंबलेल्या डोळ्यांच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या.

फोटो पुण्याच्या मुलीला पाठवला. लगेच उत्तर आलं, "आई, डोळे कसले सुंदर काढलेस गं! फक्त मधल्या मुखवट्याचे जरा बिघडलेत."