सहाव्या वाट्याचा भाऊ

माझ्या नवऱ्याचा उजवा कान डाव्यापेक्षा जरा लांब आहे. तो जन्मापासून तसाच आहे, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या. पण लग्नाआधीच्या फोटोत दोन्ही कान सारखे दिसतात आणि तो फोटो माझ्याकडे आहे. या कानाची गोष्ट भूदानापासून सुरू होते. सांगताना मला अजूनही हसू आवरत नाही.

रोहण्याजवळच्या एका खेड्यात आम्ही पाच बहिणी, भाऊ नाही. मी दुसरी. आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, म्हणजे माझ्या बहिणीला नीट सांभाळ हे त्याच्या ध्यानात राहावं. मग नवरदेवाने त्याला मागेल ते द्यायचं. थोरलीच्या लग्नात या कामाला काकांचा मुलगा उभा केला. त्याने कानाला दोन बोटं लावल्यासारखं केलं आणि मनगटी घड्याळ उकळलं. पुढे थोरलीचा नवरा निघाला तिरसट. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा. आमच्या घरात याचं खापर ना पत्रिकेवर फुटलं, ना मध्यस्थावर. कानच नीट पिळला गेला नव्हता, यावर आम्हा बहिणींचं एकमत होतं. तेव्हापासून मला एकच घोर लागला, माझ्या वेळी कान कोण पिळणार? काकांच्या मुलाच्या बोटांवर माझा काडीचा भरवसा नव्हता.

ही सत्तरनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट. भूदानाची मोठी लाट ओसरली होती, पण आमच्या जिल्ह्यात खादीचे झोळे घेतलेली माणसं अजून गावोगाव पायी फिरायची. त्यांतले एक वयस्क कार्यकर्ते एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर बोलले. पाच लेकरं असतील तर भूमिहीन माणसाला सहावं लेकरू समजा आणि त्याचा वाटा त्याला द्या, असं त्यांचं म्हणणं. हे ते प्रत्येक गावात सांगत असणार. पण नेमका पाच लेकरांचा बाप समोरच बसलाय, हे त्यांना काय ठाऊक? सगळा गाव वळून बाबांकडे पाहू लागला. बाबा मुळातच उतावळे. ते उठले आणि म्हणाले, "पाचही पोरीच हायेत माह्या. सहावा पोरगा असन, तर देतो."

पारावरची माणसं हसून लोटपोट झाली. पण बाबा बसले नाहीत, आणि नाल्याकाठच्या शेताचा तुकडा देऊनच घरी आले.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. भावाभावांच्या वाटण्या कधीच झाल्या होत्या, म्हणून अडवता येईना. पण दादाला मुलगा नाही, तेव्हा ते शेत आज ना उद्या आपल्याच मुलांकडे येणार, असा त्यांचा हिशोब होता. त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरसुद्धा, पाय ठेवणार नाही, असं त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

जमीन मिळाली ती एका तिशीतल्या मजुराला. आईबाप नसलेला, गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा, मिळेल त्याच्याकडे रोजाने जाणारा हा माणूस. आमच्याकडे आला की त्याला ओसरीवर चहा मिळे, तोही कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. तो कमी बोलायचा आणि ऐकलेलं सगळं खरं मानायचा. पारावर त्याने ऐकलं होतं की तो बाबांचा सहावा मुलगा आहे. बाकीच्यांसाठी ती बोलायची रीत होती. त्याच्यासाठी ते ठरलेलं होतं.

शेत पळसाच्या खुंटांनी भरलेलं होतं. ती खुंटं त्याने कुदळीने आणि हातांनी उपटली आणि कापूस लावला. त्या दिवाळीत, भाऊबीजेला सकाळी, आंघोळ करून, कोणाची तरी टोपी मागून तो आमच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. आईने विचारलं, काय काम काढलं? तो म्हणाला, भाऊबीज आहे ना. आई बाबांकडे पाहत राहिली, बाबा छताकडे. आम्ही चौघी तोंडात पदर आणि ओढण्या कोंबून हसत होतो. शेवटी मीच पाट आणला आणि ओसरीवर मांडला. तो असा ताठ बसला, जणू हलला तर जमीन परत घेतील. आम्ही एकेकीने ओवाळलं. ताटात त्याने आपल्या शेतातलं एकेक फुटलेलं बोंड ठेवलं, आणि सासरी गेलेल्या थोरलीसाठीचं आईच्या हातात दिलं. आईने त्या कापसाच्या वाती वळल्या, पण कोनाड्यातला कप तिथेच राहिला. मला मात्र त्याच्या हातांवरून नजर काढवेना. असे हात मी कोणाचे पाहिले नव्हते. माझा घोर संपला होता.

माझं लग्न जमलं सिंदी मेघे गावच्या मुलाशी. काकांनी आधीच बजावून ठेवलं, त्या माणसाने नवरदेवाच्या कानाला हात लावला तर मी मांडवातून उठेन. घरात तंटा नको म्हणून बाबांनी मान डोलावली. मी दोन दिवस जेवले नाही, पण हळद लागलेल्या नवरीची भूक कोण मोजतो? भाऊ मात्र मांडवासाठी मेढी रोवत होता, चुली खणत होता, पाणी भरत होता. आपल्याला वगळलंय हे त्याला कळलं होतं की नाही, ते मला कधी समजलं नाही.

लग्नाच्या दिवशी काका वेगळ्याच गोष्टीवरून रुसले. वरपक्षाने बाबांना मोठा फेटा बांधला आणि काकांना टोपीवर भागवलं. ते तडक जाऊन आपल्या बैलबंडीत बसले आणि कान पिळायला ठरलेल्या पोरालाही ओढून नेलं. बाबांसकट सगळी मोठी माणसं त्यांची समजूत घालायला बंडीभोवती जमली. इकडे मांडवात भटजींनी पुकारलं, नवरीचा भाऊ या.

कोणी आलं नाही. भटजींनी पुन्हा पुकारलं. मांडवाच्या कडेला, पाण्याच्या पिंपाजवळ तो उभा होता. बोलावल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकणार नाही, अशा बेताने. मला काय झालं कोण जाणे. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीने मान खाली घालून बसायचं असतं, हे विसरून मी ओरडले, "भाऊ, तिथं काऊन उभा हायेस? ये न लवकर."

तो आईकडे पाहू लागला. आईने बंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. "हात धुऊन घे अन् ये," ती म्हणाली. "मुहूर्त चाल्ला."

कान नुसता नावाला पिळायचा असतो, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. पळसाची खुंटं उपटणारी ती बोटं नवरदेवाच्या कानाला भिडली आणि नवरदेव पाटावरून अर्धा वर आला. मुंडावळी तुटली. वरपक्षाची माणसं उठून उभी राहिली, सासूबाईंनी किंकाळी फोडली. माझा नवरा, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू अशा अवस्थेत म्हणाला, "काय पाह्यजे ते माग बावा, पण कान सोड."

भावाने कान सोडला नाही. "मले काई नको," तो म्हणाला. "दर भाऊबीजेले बहिणीले धाडजा."

"धाडतो," नवरा म्हणाला. मग कान सुटला.

त्यानंतर मांडवात जो हशा उठला, तो ऐकून काका स्वतःच बंडीतून उतरले आणि काय झालं ते पाहायला आले. मी इतकी हसत होते की भटजींना मंत्र थांबवावे लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, मुलं झाली तेव्हासुद्धा नाही.

नवऱ्याने शब्द पाळला. दर दिवाळीत मी आर्वीच्या एसटीने माहेरी. भाऊ पाटावर बसायचा, पण आता ओसरीवर नव्हे, माजघरात. कोनाड्यातला तो कप कुठे गेला असं आईला विचारलं, तर ती म्हणायची फुटला. माझा नवरा भाजीत मीठ कमी असलं तरी मुकाट जेवतो. पुढे धाकट्यांचे कानही भावानेच पिळले, जरा बेताने, आणि त्याही सुखात आहेत. हे अर्थातच गावभर झालं.

ऐंशीनंतरची अशीच एक दिवाळी. मी ओवाळणीसाठी बोंडं आणायला म्हणून भावाबरोबर शेतात गेले होते. बघते तर धुऱ्यावर काका उभे. अलीकडे नाहीत, पलीकडे नाहीत, बरोबर धुऱ्यावर. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरात सख्खे भाऊ होते, त्यांतला एक मनगटात घड्याळ घालून हिंडत होता. काकांनी कापसाकडे एकदा पाहिलं. मग खाली पाहूनच म्हणाले, "पोरीचं लगन हाये माह्या. कान पिळाले येजो."

भावाने हातातली बोंडं माझ्या ओटीत टाकली. "येतो काका," तो म्हणाला.

त्याने त्यांना काका म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. काका धुऱ्यावरून खाली उतरले आणि कापसातून वाट काढत आमच्याकडे आले.