आत्याची गाणी आणि बीटा ब्राउझर
आत्या वारली. तेरवी आटोपून फुलचूरच्या घरी आलो, कूलरमध्ये पाणी भरलं आणि ओल्या वाळ्याच्या वासाबरोबर बऱ्याच वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. लग्नातली, आमच्या पोवारी बोलीतली गाणी पूर्ण पाठ असलेली आमच्याकडे ती एकटीच होती. ती गात होती, मी संगणकावर टाइप करत होतो आणि संध्याकाळच्या गाडीने तिला आमगावला परतायचं होतं. नेमकी त्याच सकाळी मी एका ब्राउझरची बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेली आवृत्ती टाकली होती. तेव्हापासून कुठलाही प्रोग्राम मध्येच बंद पडे आणि टाइप केलेलं जाई. संगणक पुन्हा सुरू केला, व्हायरस शोधला, फॉन्ट बदलला, काहीच कळेना. "मी गाऊन राहिली अन् तू पुसून राहिला," आत्या म्हणाली. "मी नाही, तो आपोआप बंद होतो." "काऊन?" "तेच तर समजत नाही." "तापली असंल तुयी मशीन. आपल्याले उकडते, तिले नाही उकडत का?" तिने उठून कूलरचं तोंड संगणकाकडे वळवलं आणि स्वतः घाम पुसत बसली. मीही तेव्हाच तो ब्राउझर काढून टाकला. त्यानंतर एकही प्रोग्राम बंद पडला नाही. कशामुळे, हे तपासायला ब्राउझर पुन्हा टाकण्याचा धीर झाला नाही. आत्या गात होती. गाणी माझ्याजवळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच ओळींचा अर्थ मला कळत नाही, आणि विचारायला आता कोणी नाही.