तुळिंज ते होळी, भाव न करता

तुळिंजहून रिक्षा सुटली तेव्हा माझ्यावर दोन बंधनं होती. परत येईपर्यंत भाव करायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही. पैज माझ्या मुलीची, सिल्वियाची. तिला जनुकशास्त्र (आईवडिलांचे गुण मुलांत कसे उतरतात त्याचा अभ्यास) शिकायचं आहे. मला ती माझ्या भांड्यांच्या दुकानात हवी.

"पप्पा, तुमची घासाघीस आजोबांच्या रक्तातून आली," ती म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. बापाने मला साधा चमचा दिला नाही. दुकान मी उभं केलं आणि श्रेय त्याच्या रक्ताला! ठरलं: वडिलांच्या होळी या गावी जाऊन मुकाट खरेदी करायची. जमलं तर ती गल्ल्यावर बसेल, नाही तर कॉलेजात.

गोखिवऱ्याला एका गाळ्यात पत्रा खणकन आपटला. मी दचकलो.

"जे पूर्वज दचकले तेच वाघापासून वाचले," सिल्विया म्हणाली. "आपण त्यांची पोरं."

"आणि भाव करणारे?"

"शिकारीतला मोठा वाटा त्यांनाच मिळाला असेल."

माकडांबद्दल मला प्रथमच आदर वाटला.

होळीला उतरताना रिक्षावाल्याने भलतंच भाडं सांगितलं. मी काढून दिलं. तो घाबरला. "अंकल, छातीत दुखतंय काय?" म्हणत त्याने अर्धे पैसे परत केले.

पुढे नुसती हिरवळ. केळीच्या वाड्या (बागा), भाजीचे वाफे, ओल्या मातीचा वास. वडिलांचे चुलतभाऊ बस्त्यावकाका ओट्यावर सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) बांधत बसले होते. मी लहान असताना वडिलांनी गाव सोडलं. त्यानंतर आज भेट.

"काका, मी आंतोनचा मुलगा. सुकेळी कशी दिली?"

त्यांनी भाव सांगितला. सोन्याचा असावा तसा.

"द्या," मी म्हणालो.

काकांचे हात थांबले. "द्या? नुसतं द्या?"

"हो."

"चल, नीघ! वाडीत हिस्सा मागायला आलेला सोंगाड्या तू. आमच्या घरातला माणूस मयताच्या पेटीचा भाव ठरल्याशिवाय मरत नाय!"

मी आधार कार्ड दाखवलं.

"असली कार्डं नाक्यावर छापतात. तुझ्यात आंतोनचं काय पण नाय!"

हेच वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो. ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "या काळ्या ठिक्कर केळ्यांना हा भाव?" मी ओट्यावर चढून गरजलो. "अर्ध्याने द्या, वर दोन जास्त टाका!"

काकांनी मला मिठी मारली. "आता बोललास! बस, जेवून जा." भाव मात्र उतरवला नाही.

परतताना सिल्विया गालात हसत होती.

"कॉलेज एकच वर्ष," मी म्हणालो.

"पाच."

वाटेतल्या पुलावर तीन वर्षांवर सौदा ठरला. घरी पोचल्यावर कळलं, अभ्यासक्रम दोनच वर्षांचा आहे.

रक्ताचं रक्तापाशी राहू द्या. पोरीला भाव करायला मी शिकवलं. याचं श्रेय बापाला द्यायला मी तयार नाही.