उंच गाडी आणि माझे चाळीस हजार

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर चटणीच्या डब्यांवर कुणाची किती किलो, एवढंच काय ते लिहीत आले. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, तरी कुणाच्या हाती पडलंच तर ऱ्हस्व-दीर्घ माफ करावं.

परवा भावकीतल्या एका लग्नात जेवणं झाल्यावर चुलत पुतण्यानं आमच्या ह्यांना विचारलं, "काका, उंच गाडी घ्यावी म्हणतोय. तुमच्याकडं हुती की. कशी काय?" हे पानाला चुना लावत होते. म्हणाले, "गाडी न्हवं, राजा हुता राजा! खड्डा कळायचा न्हाय. समोरचा बाजूला व्हायचा. घे डोळं झाकून." मी शेजारीच बायकांत बसले होते. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, लहानपणापासून तसंच आहे. पण घरी आले तरी डोकं तापलेलंच. तिथं जे बोलायचं होतं ते इथं लिहिते.

गाडी आली तेव्हा आम्ही कसबा बावड्यात राहत होतो, अजूनही तिथंच आहोत. हे शाहूपुरीत मोटारीचे सुटे भाग विकायच्या दुकानात काउंटरवर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचं ऐकून ऐकून माणसाला वेड लागतं, तसं ह्यांना लागलं होतं. मी घरी चटणी करून द्यायची. मिरच्यांची देठं काढायची, मसाला भाजायचा, मग सगळं घेऊन डंकावर जायचं. डंक म्हणजे लोखंडी मुसळांनी चटणी कुटायचं यंत्र. उन्हाळ्यात तिथं सकाळपासून रांग. नाकाडोळ्यांतून पाणी, उभं राहून पायांना गोळे, आणि वर डंकवाल्याची बोलणी. मला माझा स्वतःचा डंक हवा होता, आमच्या पुढच्या सोप्यात, म्हणजे दारालगतच्या खोलीत. बायका माझ्याकडं येतील, मला कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. त्यासाठी किती तरी उन्हाळ्यांचे पैसे साठवून चाळीस हजार झाले होते.

ते ह्यांना माहीत होते, हीच चूक झाली.

"एका डॉक्टराची गाडी निघालीया," हे एक दिवस म्हणाले. "एकहाती वापरलेली. राहिलेलं पतसंस्था देतीया, वर जरा कमी पडतंय."

मी गप्प.

"डंक काय पळून जातोय व्हय? गाडी मातर जाईल. वर्षात परत देतो. देवाशप्पत."

मी तरी गप्पच. माझं गप्प बसणं हाच ह्यांनी होकार धरला आणि मला चाळीस हजार काढून द्यावे लागले. गप्प बसणं म्हणजे हो, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला कुणी दाखवावं.

गाडी दारात आली, हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं. गल्लीतले सगळे पुरुष गोळा झाले. कुणी टायर दाबलं, कुणी बॉनेटवर टिचकी मारली. "पत्रा दणकट हाय." "पाण्यातनं बी जाती ही." "आमच्या त्या चपट्या गाडीत बसलं की भुईवर बसल्यागत वाटतंय, ही म्हंजे माडी हाय माडी!" एकापाठोपाठ एक चालवायच्या सीटवर बसून उतरले. मागची सीट कुणी बघितली नाही. मागं कोण बसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

खोटं बोलायचं नाही म्हणून गाडीचं चांगलं आधी लिहिते. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले होते. रिक्षात त्यांना बसवायला आणि बाहेर ओढायला दोन माणसं लागायची, आणि दर वेळी शिव्या मला. ह्या गाडीची सीट बरोबर कमरेला यायची. त्या पाठमोऱ्या उभ्या राहायच्या, टेकायच्या, पाय आत घ्यायच्या, झालं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "खुर्चीत बसल्यागत बसले बघ. लेकानं सोनं केलं." लेकानं! पण बसणं सोपं होतं, हे खरं. दुसरं म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर गाडीचं पोट कधी घासलं नाही. आणि पंचगंगेच्या पुलावर बसमधून दिसत नव्हती तेवढी नदी मला त्या गाडीतून दिसायची. हेही लिहून टाकते, म्हणजे माझ्या मनात काही राहायला नको.

आता बाकीचं.

पाच माणसांची गाडी असं हे सगळ्यांना सांगायचे. पाचवं माणूस म्हणजे मागं मधे बसणारं, आणि ते माणूस म्हणजे मी. एका खिडकीला सासूबाई, कारण त्यांना पाय पसरायचे. दुसऱ्या खिडकीला आमची मुलगी, कारण तिला उलटी व्हायची. ह्यांचा कुणी ना कुणी दोस्त पुढं. मधे सीट नाही, दोन सीटांची शिवण आहे. पायाखाली उंचवटा, त्यामुळं गुडघे हनुवटीला. धरायला काही नाही. गाडी उंच, म्हणून वळणावर डुलायची, आणि ती डुलली की मुलीला मळमळायचं. एका हातात तिच्यापुढं धरलेली पिशवी आणि दुसरा हात सासूबाईंच्या पाठीमागं, असा माझा सगळा प्रवास. आणि हे आरशातून बघत विचारायचे, "कसं, विमानात बसल्यागत वाटतंय का न्हाय?" दोस्त हसायचा. मला वाटायचं ती पिशवी ह्यांच्या डोक्यावर पालथी करावी.

मागच्या दाराला जादा चाक टांगलेलं होतं आणि ते दार आडवं उघडायचं. आमच्या बोळात गाडी भिंतीला लावली की ते निम्मंसुद्धा उघडत नसे. दार उघडलं तरी आत जागा किती? दोन पिशव्या आणि एक घागर. बाहेरून बघितलं तर वाटावं अख्खा संसार मावेल. पेट्रोल मात्र बाहेरच्या आकाराएवढंच प्यायची.

एकदा मी चटणीचे डबे त्यातून नेले. एकाचं झाकण सैल होतं. थोडी सांडली असेल, पण वास सीटच्या कापडात बसला. पुढं एकदा ह्यांच्या दुकानाचे मालक गाडीत बसले आणि शिंकून शिंकून बेजार झाले. त्या दिवसापासून हुकूम निघाला, "चटणी गाडीत चढवायची न्हाय." मग मी पूर्वीसारखीच सिटी बसनं जाऊ लागले, मांडीवर डबे घेऊन. दारात माझ्या पैशांची गाडी कव्हर घालून उभी. कव्हरही मीच शिवलेलं. त्याच्या शेजारून डबे सांभाळत चालत जायचं आणि बसस्टॉपवर उभं राहायचं. कुणी विचारलं, "वैनी, गाडी असून बसनं?" की मी बस आली का ते बघत राहायची. आत नुसती आग व्हायची.

माझं माहेर नृसिंहवाडीच्या अलीकडं, नदीकाठच्या काळ्या रानात. पावसाळ्यात एकदा आम्ही गेलो. वस्तीवर जायची वाट चिखलाची. माझ्या भावानं आधीच सांगितलं होतं, रस्त्यावरच लावा, चालत या. हे म्हणाले, "ही उंच हाय. काय हुत न्हाय हिला." पन्नास पावलंही गेली नसेल, पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि काच चिखलानं भरली. उसातून एक म्हातारा शेतकरी बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं.

"पावणं, ही जीप हाय का जीपचं सोंग?"

"जीपसारखीच हाय की," हे म्हणाले.

"मग मागची चाकं का झोपल्यात?"

"हिची पुढचीच ओढत्यात."

"हात् तिच्या! मग एवढी उंची कशाला, ऊस किती आलाय ते बघाय?"

भावानं ट्रॅक्टर आणून ओढून काढली. मला इतकं हसू आलं होतं की पदर तोंडात धरला. ह्यांनी ते बघितलं, आणि घरी येईपर्यंत माझ्या माहेरच्या वाटेचा उद्धार चालला.

वर्ष झालं. मी विचारलं, "माझे पैसे?" एवढं विचारायलासुद्धा मला चार दिवस मनात जुळवाजुळव करावी लागली.

"देतो की. पळून चाललोय व्हय? आन् गाडीत बसतीस न्हवं? ती तुझी न्हाय का?"

माझी असती तर माझे डबे तिच्यात चढले असते. हे मी बोलले नाही. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची, आणि दर वेळी पतसंस्थेचा हप्ता, पेट्रोल, विमा. तेवढ्यात आमच्याच गल्लीच्या तोंडाला एका बाईनं डंक बसवला. माझ्या मनात होता तसाच, पुढच्या सोप्यात. माझ्या ओळखीच्या बायका तिथं रांग लावू लागल्या, आणि उन्हाळा आला तेव्हा मीही माझ्या मिरच्या घेऊन तिच्याच दारात उभी राहिले. ती बाई चांगली होती, मला बसायला पाट द्यायची. पाट दिल्यावर तर जास्तच राग यायचा. तिच्यावर नव्हे.

हप्ता आणि पेट्रोल दोन्ही झेपेनात तेव्हा हे गाडी विकायला तयार झाले. मला म्हणाले, "पतसंस्थेचं फेडून जे राहील ते तुझं. चाळीस सुटत्यात बघ." फोनवर किंमत ठरवून इचलकरंजीकडचं गिऱ्हाईक आलं. यंत्रमाग असलेला माणूस, त्याची म्हातारी आई आणि बायको. पुरुष बाहेर बॉनेट उघडून उभे राहिले. बायको चहाच्या निमित्तानं माझ्याकडं स्वयंपाकघरात आली. माझ्याच वयाची होती. कमरेला पट्टा बांधलेला.

"खरं सांगा वैनी," ती हळूच म्हणाली, "कशी हाय गाडी? आमचं मालक नुसतं रंग बघून भुलल्यात."

मी चहाकडं बघत राहिले. चांगली आहे म्हटलं असतं तर चाळीस हजार दारात होते. डंक दारात होता. दोन शब्दांचं काम.

"तुम्ही कुठं बसत हुता?" तिनं विचारलं.

"मधी."

"मी बी मधीच बसणार. लेकरं खिडकी सोडत न्हाईत."

तिच्या कमरेच्या पट्ट्याकडं माझं लक्ष गेलं आणि माझं तोंड उघडलं. कुणापुढं एवढं बोलले नव्हते. शिवण, उंचवटा, डुलणं, मागचं दार, पेट्रोल, चिखल, सगळं सांगितलं. म्हातारीला बसायला किती सोपं आहे तेही सांगितलं. चहा उतू गेला. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग कप न घेताच बाहेर गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, जरा मधी बसून दावा."

"मी कशाला?"

"बसा तर. आई, तुमी हिकडनं चढा."

म्हातारी झटकन चढली आणि खूश झाली. तिचा लेक मधे बसला, गुडघे पोटाशी घेऊन. दुसऱ्या बाजूनं ती बसली. आमच्या ह्यांना चालवावीच लागली. बावड्याच्या चौकापर्यंत जाऊन आले. तो माणूस उतरला तेव्हा कमरेवर हात होता. म्हणाला, "आईसाठनं घेतो पावणं. पर ठरलेल्यातलं पंधरा हजार कमी. मधल्या जागेचं."

ह्यांनी लई घासाघीस केली, पण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गाडी गेली. पतसंस्थेचं फिटलं आणि माझ्या हातात पंचवीस हजार आले.

"तूच जीभ चालवलीस," हे ओरडले. "जन्मात कुणापुढं बोलली न्हाय, आन् बोललीस ती आजच! आता पंधराचं माझ्याकडं मागायचं न्हाय. तुझ्या तोंडानं घालवल्यास."

"पंधरा राहिलेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी गाडी विकायला दिली नव्हती. मी तुम्हाला चाळीस हजार दिले होते."

हे सासूबाईंकडं वळले, त्या आपली बाजू घेतील म्हणून. गाडी गेली म्हणून त्या माझ्यावरही चिडलेल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतोस? बायकूचं घेतलंस तर दे की. आन् मला आता दवाखान्यात कशात न्हेणार हायस तेवढं सांग."

ते पैसे ह्यांनी कधी एकदम दिले नाहीत. पगार झाला की दोनशे, कधी पाचशे, बोनसच्या वेळी जरा जास्त. काही महिने काहीच नाही, आणि मग मी दाराशी जाऊन उभी राहायची. विचारायची नाही, नुसती उभी राहायची. हे चपला घालता घालता नोटा कट्ट्यावर टाकायचे, जशा काही मी भीकच मागितली होती. ती टाकायची तऱ्हा मी विसरलेले नाही. लग्नात पुतण्याला "राजा हुता राजा" म्हणताना ह्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

शेवटच्या वेळी ह्यांनी नोटा टाकल्या आणि म्हणाले, "घे. फिटलं. आता तरी तोंड नीट कर."

मी त्यांच्यासमोर मोजल्या. एक शंभराची मधोमध फाटलेली, मागं चिकटपट्टी लावलेली होती. ती वेगळी काढून परत दिली.

"चालती की ती!"

"मग तुम्हीच चालवा."

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना ह्यांनी कोरी नोट आणली आणि माझ्या हातात दिली, कट्ट्यावर टाकली नाही. ती धरून चाळीस हजार पुरे झाले.