बबनच्या सलूनात कापलेले स्टार

सलूनात केस साचतात तसे किस्से साचतात. बबन झाडून काढतो, दुपारपर्यंत पुन्हा ढीग. केडगावात त्याच्या दुकानात मोठा टीव्ही आला, तेव्हापासून हा ताप मागे लागला आहे. आम्ही चार म्हातारे तिथं बाकावर बसतो, पिक्चर बघतो आणि स्टार देतो. पाचपैकी किती, असं. आमच्या काळी माणूस पिक्चर बघून डोळे पुसत घरी जायचा, आकडा कुणी विचारत नव्हतं. आता जन्मात बायकोच्या भाजीला बरं न म्हणणारा माणूसही पिक्चरला साडेतीन देतो. जग बुडायचं ते असंच बुडतं.

*

तात्याचं बघा. मार्केट यार्डातला जुना हमाल. पोराने त्याला नगरला थेटरात नेलं. दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, साडेचार. मी स्टोरी विचारली.

"एसी लई गार हुता. बसल्या बसल्या डोळा लागला."

मग अर्धा का कापलास?

"शेवटाला दिवे लावले ना त्यांनी."

*

नाना एसटीत कंडक्टर होता. जन्मभर विनातिकीट माणसं शोधली, आता पिक्चरमधल्या चुका शोधतो. एक चूक दिसली की एक स्टार कापला. बाईच्या डोक्यावर भरलेला हंडा आणि पदर कोरडा, कापा. ऊस तोडून आलेल्या हीरोचा शर्ट इस्त्रीचा, कापा. एका पिक्चरला तर मध्यंतराच्या आतच उणे दोन झाले. बबन वस्तरा थांबवून म्हणाला, "नाना, उणे दोन म्हंजी आता आपनच त्यास्नी द्यायचे का?"

नानाचं एकच, चूक ती चूक. सुधारायचा नाही हा माणूस. सरणावर ठेवला तरी लाकडं ओली म्हणून एक कापेल.

*

तुकारामची तऱ्हा वेगळी. त्याचा रवी पिक्चरमध्ये काम करायला मुंबईला गेला. सुरुवातीला फोन यायचा, "आबा, गर्दीत उभा हाय. नीट बघा." मग फोन बंद झाला. दोन दिवाळ्या गेल्या. पोरगं आहे की नाही, तेही कळेना. तेव्हापासून तुकाराम हीरोकडं बघतच नाही, मागची माणसं बघतो. लग्न, मोर्चा, बाजार असला की चार स्टार. एकदा बंगल्यात राहणाऱ्या म्हातारा-म्हातारीचा पिक्चर होता. तात्यासुद्धा जागा राहून रडला. तुकारामने शून्य दिला.

"दोनच मान्सं," म्हणाला. "बघायचं काय त्यात?"

मी तोंडाचा फाटका. म्हणालो, तुक्या, इथं काय बघत बसलास, पोलिसात जा.

"गेल्तो. फोटू मागितला. माझ्याकडं एकच हाय, जत्रंतला. त्यात बी त्यो गर्दीतच हाय."

त्यानंतर मी त्याला शहाणपण शिकवलं नाही.

*

भंडारदऱ्याला शूटिंग चाललंय असं कळलं. रवी असला तर भेटेल म्हणून बबनने दुकान बंद ठेवून आम्हाला जीपने नेलं. रवी नव्हता. उलट त्यांनाच गर्दी कमी पडत होती, म्हणून आम्हाला फेटे बांधून उभं केलं. सगळ्यांनी हीरोकडं बघून हात वर करायचे. तुकाराम मात्र हीरोकडं पाठ करून एकेकाचं तोंड बघत हिंडला. शूटिंगवाला भोंग्यातून ओरडला, "ओ काका, हीरो इकडे आहे!"

"तुमचा असंल," तुकाराम म्हणाला.

त्याला बाहेर काढला. पुढे तो पिक्चर आला तेव्हा आमच्यातला एकटा तात्या दिसला. उभ्या उभ्या झोपलेला. नानाने त्याचाही एक कापला.

*

आता परवाचं. टीव्हीवर लढाईचा नवा पिक्चर लावला होता. नानाने तीन स्टार आधीच कापले होते. तुकाराम खुर्चीत, गालाला फेस, बबनच्या हातात वस्तरा. लढाई संपली, मैदानात मढी पडलेली. तुकाराम ताडकन उठला.

"थांबव."

बबनने चित्र थांबवलं. मेलेल्या घोड्याशेजारी एक जण उताणा पडला होता, तोंडाला रक्त फासलेलं. रवी. कपाळावरची खोक बैलगाडीतून पडला तेव्हाची. टाके घालताना मीच त्याचे हात धरले होते.

बबनने काय करावं न कळून चित्र पुन्हा सुरू केलं. नानाला राहवेना. जन्माची खोड.

"मेलेल्याचं पोट हलतंय," म्हणाला. "एक स्टार कापा."

मी त्याच्या थोबाडीत देणार होतो. तेवढ्यात तुकाराम वळला.

"हललं?"

"हललं की," नाना खालच्या आवाजात म्हणाला.

"परत लाव."

बबनने परत लावलं. मग पुन्हा एकदा. तुकाराम टीव्हीला नाक लावून उभा. मग सावकाश येऊन खुर्चीत बसला. गालावरचा फेस वाळून गेला होता.

"पाच," म्हणाला.