बुटका ओटा

थंडी पडली आणि कुणी घर विकायला काढल्याचे कानावर आले, की कात्रजच्या त्या फ्लॅटची केस आठवते. वर्तमानपत्रात ती चार ओळींत संपली होती. त्या चार ओळींत माझे नाव नव्हते. तेही आठवते.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तेवढ्यात कानटोपी घातलेला एक घरांचा एजंट आत आला.

"साहेब, पौषात एक फ्लॅट निघालाय. दुसरा मजला, सकाळचं ऊन थेट हॉलमध्ये. आणि भाव ऐकाल तर चक्कर येईल."

"इतका जास्त?"

"इतका कमी! एवढ्यात कुणी खुराडंसुद्धा देत नाही."

"मग तुम्हीच घ्या. इथं कशाला आलात?"

"माझं गिऱ्हाईक तिकडं पळालं ना, साहेब."

निदान खरे बोलला. खबर देणारा समाजसेवेसाठी येत नाही, पोटात दुखते म्हणून येतो. एजंट लोकांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण त्याने जाता जाता सांगितलेली एक गोष्ट खटकली. फ्लॅटचा मालक विसाराची रक्कम लगेच मागत होता आणि खरेदीखत मात्र संक्रांतीनंतर करू म्हणत होता. कारण काय, तर पौषात असली कामे करत नाहीत. पौष घर द्यायला आड येतो आणि पैसे घ्यायला येत नाही, हा कुठला पौष? संक्रांतीपर्यंत तो आणखी किती जणांकडून विसार घेईल, हा दुसरा प्रश्न.

मी स्टेशन डायरीत नोंद केली, एका महिला हवालदारांना बरोबर घेतले आणि साध्या वेशात गिऱ्हाईक म्हणून निघालो. त्या बायको, मी नवरा.

दार उघडणारा गृहस्थ चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. म्हणाला, "फ्लॅट आईचा आहे. ती आता बहिणीकडे नागपूरलाच राहणार. सगळं मीच बघतो."

माझे वडील हडपसरच्या बाजारात भाजी विकायचे. शाळेच्या आधी मी त्यांच्याजवळ बसायचो. पुढे जे काही मिळवले ते स्वतःच्या हिमतीवर, आणि भाव करायला तिथेच शिकलो. गिऱ्हाईक आधी मालाला नावे ठेवते. वडिलांच्या मेथीला कुणी शिळी म्हटले की ते जुडी हिसकावून घ्यायचे आणि म्हणायचे, "नाही विकायची तुला." तोच राग पुढे माझ्यात आला.

गिऱ्हाईकाच्या त्याच रीतीने मी त्या घराला नावे ठेवायला सुरुवात केली. खिडक्या लहान आहेत म्हणालो. तो म्हणाला, "आहेत खऱ्या." रंग भिकार आहे म्हणालो. "हो ना," म्हणाला.

स्वयंपाकघरातून हवालदारांनी हाक मारली. "अहो, जरा इकडे या. हा ओटा बघा. मी काय गुडघ्यावर बसून भाकरी थापू?"

ओटा खरोखर विचित्र होता. मांडीच्या उंचीचा, आणि खालची जागा पूर्ण मोकळी.

"कुणाची अक्कल ही?" मी विचारले.

"बिल्डरनंच दिला असा," तो हसून म्हणाला. "तोडून टाका. त्याचे पैसे कमी करतो."

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाल्या, "साहेब, ओट्याच्या वर जुन्या ओट्याची खूण आहे. टाइल्सचा रंगसुद्धा वेगळा. कुणीतरी तो मुद्दाम खाली घेतलाय."

माझ्या डोक्यात दुसरेच चालले होते. मी इतका वेळ शिव्या घातल्या आणि या माणसाला एकदाही राग आला नाही. ज्याचे घर असते त्याला राग येतो.

सोसायटीच्या अध्यक्षांकडून उलगडा झाला. फ्लॅट एका निवृत्त शिक्षिकेच्या नावावर होता. पती वारलेले, मुलगा नाहीच. एकुलत्या मुलीच्या बाळंतपणासाठी बाई नागपूरला गेल्या होत्या. हा पतीचा पुतण्या. कुंड्यांना पाणी घालायला त्याच्याकडे किल्ली दिली होती.

त्याला ठाण्यात आणले. तिथे त्याने पवित्रा बदलला.

"काकूंनीच सांगितलंय विकायला. मुलगा म्हणालो, कारण मुलासारखाच आहे. पण त्यांना आता काही आठवत नाही. विचारलंत तर नाहीच म्हणतील."

डाव हुशारीचा होता. बाई हो म्हणाल्या तर हा सुटणार, नाही म्हणाल्या तर त्या विसराळू ठरणार. मी टेबलावर हात आपटला. आवाज ऐकून वरिष्ठ आत आले. "घरगुती मामला दिसतोय. दिवाणी बाब आहे, सोडा त्याला," म्हणाले. त्याच संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक विसार घेऊन येणार होते. याला सोडले असते, तर बाई नातवंडाला खेळवून परतल्या असत्या तेव्हा त्यांच्या घरावर चार परके हक्क सांगत उभे असते. मी म्हणालो, "सर, एक फोन करू द्या."

अध्यक्षांकडून घेतलेला नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"पोलीस ठाण्यातून बोलतोय."

"हो का? मी राज्यपाल बोलतेय," पलीकडून कोरडा आवाज आला. "ओटीपी मिळणार नाही."

"बाई, ओटीपी नको. तुमचा पुतण्या तुमचा फ्लॅट विकतोय."

"काल कुरिअरवाला होता, आज पोलीस. उद्या कोण येणार तेही सांगून ठेवा, म्हणजे चहाचं आधण ठेवते."

पुतण्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बघा. काहीही बोलतात."

माझे डोके फिरले. "ठेवा फोन! त्या बुटक्या ओट्यामुळे तसाही तुमच्या घराला भाव यायचा नाही."

फोन कट झाला नाही.

"बुटका कुणाला म्हणता?" आवाज एकदम वर्गात छडी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईंचा झाला. "यांची चाकांची खुर्ची खाली जावी म्हणून मी तो तोडून घेतलाय. सकाळचा चहा हे करायचे, शेवटच्या आठवड्यापर्यंत. गवंडी म्हणाला, फ्लॅटची किंमत जाईल. म्हटलं, जाऊ दे. आणि तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात शिरलात कसे?"

मी पुतण्याकडे वळलो. "बिल्डरनं दिला ना ओटा? काका खुर्चीत होते तेव्हा एकदा तरी आला होतास?"

"जबाब लिहून घ्या," म्हणून वरिष्ठ बाहेर गेले. पुतण्याने विसार दिलेल्यांची नावे सांगितली.

बाई आल्या आणि फिर्याद दिली. घरातले घरात मिटवा म्हणून नातेवाईक ठाण्याच्या पायरीवर बसून होते. अशा वेळी फिर्यादी ढेपाळतात, म्हणून मला खात्री नव्हती. त्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि सही केली. वर्तमानपत्रात बातमी आली ती "वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली" झालेल्या कारवाईची. हवालदारांचेही नाव नव्हते. माझ्या गोपनीय अहवालात मात्र त्या वर्षी "तोंडाळ" असा शेरा पडला.

कागद खोटे करता येतात, नाते खोटे सांगता येते. घराला नावे ठेवल्यावर जे आत लागते, ते खोटे आणता येत नाही. आजही कुणी घर बघायला बरोबर नेले, की मी आधी नावे ठेवतो आणि मालकाच्या तोंडाकडे बघतो.

निवृत्तीनंतर एका पौषात त्याच बाईंचा फोन आला. "पोलीसच ना? ओटीपी नकोय ना?" आणि मग म्हणाल्या, "आता खरंच विकायचाय. लेकीकडे जाते कायमची. भाव करायला येऊन बसा, तुमचं तोंड उपयोगी पडेल."

मी जाऊन बसलो. एक तरुण जोडपे आले. त्या मुलाने दोन तास घासाघीस केली, मी एक रुपया सोडला नाही. व्यवहार ठरत आला तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "हा ओटा उंच करावा लागेल हं."

मी तोंड उघडणार, तोच बाईंनी हात वर करून मला गप्प केले.

"करा," त्या म्हणाल्या. "पण मी गाडीत बसेपर्यंत गवंड्याला आणू नका."