फक्कीचे झोपाळे

शाळेच्या मैदानात नवे झोपाळे यावेत म्हणून आमच्या गल्लीत महिनाभर रद्दी जमवणं चाललं होतं. माझा गठ्ठा द्यायला शाळेत गेले, तर मैदानात पांढऱ्या फक्कीने दोन मोठे चौकोन आखलेले. झोपाळे कुठे बसणार ते पालकांना दिसावं, म्हणून खेळाच्या बाईंनी आखले होते. पैसे मात्र अजून बरेच जमायचे होते.

एवढ्यात पहिलीतली एक मुलगी पळत आली, चौकोनापाशी थबकली आणि लांबून वळसा घालून गेली.

"अगं, सरळ का नाही गेलीस?" मी विचारलं.

"झोपाळा लागेल ना!" एवढंही कसं कळत नाही, असा तिचा चेहरा.

आम्ही मोठी माणसं वस्तू दारात येईपर्यंत "बघू, जमलं तर" म्हणत राहतो. मीही जपून ठेवलेले जुने दिवाळी अंक कपाटातच ठेवून नुसती वर्तमानपत्रं आणली होती. तिचा झोपाळा मात्र केव्हाच हलायला लागला होता, आणि त्यावर कुणीतरी बसलेलंही होतं.

अंक आणायला मी घरी निघाले. फाटक चौकोनांच्या पलीकडे, अगदी समोर होतं.

मी वळसा घालून गेले.